स्थलांतरितांची संतती आणि जातीची सीमा

एका राज्यात अनुसूचित जातीची म्हणून गणली गेलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात स्थायिक झाली, तर तिच्या मुलाबाळांना तेथील शिक्षणात आणि राज्यसेवेत राखीव जागांचा अधिकार राहतो काय? सर्वोच्च न्यायालयाने 1990, 1994 आणि 2018 साली या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले आहे. त्या उत्तरामागील विचाराची चिकित्सा करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

1990 चे प्रकरण मुंबईतील वैद्यकीय प्रवेशाचे होते. विद्यार्थी आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीचा. वडिलांना सार्वजनिक उपक्रमात राखीव जागेवर नोकरी मिळाली, म्हणून तो बालपणीच मुंबईत आला व येथेच शिकला. तरीही राखीव जागेवरील त्याचा हक्क मान्य झाला नाही. 1994 साली महाराष्ट्रातील जातप्रमाणपत्रांच्या प्रश्नावर हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले. दोन राज्यांच्या याद्यांत एकाच नावाची जात असली, तरी तेवढ्याने हक्क पोहोचत नाही, असेही तेव्हा स्पष्ट झाले. महार जातीची नोंद कर्नाटकाच्या आणि मध्य प्रदेशाच्या यादीतही आहे. परंतु महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबाला त्या नोंदीचा आधार मिळत नाही. 2018 च्या घटनापीठाने राज्यांपुरता हाच निर्णय कायम ठेवला. दिल्लीतील केंद्राधीन सेवांना मात्र अखिल भारतीय आरक्षणाचे तत्त्व लागू मानले.

न्यायालयाची भूमिका निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. संविधानाच्या 341 व्या अनुच्छेदानुसार जातींची यादी त्या त्या राज्याच्या संबंधात निश्चित होते. एखाद्या जातीचे मागासलेपण सर्व प्रदेशांत सारखे नसते. बाहेरून आलेल्या सुशिक्षित कुटुंबांनी स्थानिक दुर्बलांच्या जागा व्यापू नयेत, ही काळजीही रास्त आहे.

तथापि या युक्तिवादात एक अंतर्विरोध आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात तथागतांनी दाखवून दिले, की गवत, वृक्ष, कीटक, पशुपक्षी यांत जातिभेदाची चिन्हे निसर्गतःच असतात. मनुष्यांत ती नसतात. माणसाचे नाव आणि गोत्र ही केवळ लोकव्यवहारातील ‘समञ्ञा’, म्हणजे संज्ञा होय. जात ही प्रदेशसापेक्ष कायदेशीर संज्ञा आहे, असे न्यायालय म्हणते, तेव्हा ते नकळत या विचाराच्या जवळ येते. पण पुढच्याच पावलावर ते त्यापासून दूर जाते. कारण ही संज्ञा कोणत्या राज्याशी जोडावयाची, हे 1950 साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला तेव्हाच्या कायम निवासावरून ठरते, आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांचा त्या वेळचा निवास पाहिला जातो. ज्या राज्यात तो जन्मला, शिकला, ज्याची भाषा बोलतो, ते राज्य त्याचे नव्हे. वाडवडिलांनी सोडलेले गाव मात्र त्याचे! जातीचा दर्जा सीमेपाशी थांबतो, आणि निवासाचा शिक्का तेवढा वंशपरंपरेने चालत राहतो. जन्माधिष्ठित विचार एका दाराने बाहेर घालवून दुसऱ्या दाराने आत घेण्याचाच हा प्रकार आहे.

अस्पृश्यता सीमा पाळत नाही, याचा पुरावा आपल्या इतिहासात ठळक आहे. 1917 साली बाबासाहेब परदेशी विद्यापीठात शिकून बडोदे संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. ते तेथले रहिवासी नव्हते. तरीही त्यांची जात त्यांच्याआधीच तेथे पोहोचली होती. त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही, आणि ज्या पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला होता, तेथूनही त्यांना निघावे लागले. त्यांना हाकलणाऱ्यांनी निवासाचा दाखला मागितला नव्हता. निर्बंध माणसाबरोबर जात असेल, तर त्यावरील संरक्षणच गावी का ठेवावयाचे?

बौद्ध समाजाला हा प्रश्न विशेष जाचक आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यास 1990 उजाडले. इतक्या प्रतीक्षेनंतर मिळालेला हक्क पोटासाठी राज्याबाहेर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना त्यांच्या वस्तीच्या राज्यात उपयोगी पडत नाही. केंद्रीय सेवांचे दार त्यांना उघडे आहे. पण राज्याची महाविद्यालये व राज्याच्या नोकऱ्या त्यांच्यासाठी खुल्या प्रवर्गाच्याच राहतात.

यावर उपाय कोणता? 1990 च्या निकालातच संसदेने या बाबीचा विचार करावा, असे सुचविले होते. ज्याचा जन्म व संपूर्ण शालेय शिक्षण एकाच राज्यात झाले, त्याला त्या राज्याचा मानावे आणि मूळ राज्यातील हक्क त्याने सोडावा, अशी तरतूद कायद्याने करता येईल. दुहेरी लाभ टाळण्यासाठी मूळ दाखला रद्द करण्याची अटही घालता येईल. स्थानिकांच्या वाट्याला धक्का बसू नये म्हणून अशांसाठी वाढीव जागांचाही विचार व्हावा. अन्यथा एका वंचिताचा हक्क दुसऱ्या वंचिताच्या ताटातून काढल्यासारखे होईल.

न्यायालयाने कायद्याच्या शब्दाचा अर्थ लावला. शब्द अपुरा असेल, तर तो बदलण्याचे काम विधिमंडळाचे, आणि तशी मागणी संघटितपणे करण्याचे काम आपले आहे. तीन पिढ्यांपूर्वी सोडलेल्या गावाच्या नावावर आजच्या मुलाचे भवितव्य अडवून ठेवणे समतेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.