कुरणातले ऊन : ‘१९८४’मधील जागा आणि विन्स्टन

डिस्टोपियन कादंबऱ्यांवरच्या लेखनात एक विधान हमखास भेटते : पात्र बदलते तसा भोवताल बदलतो, स्थळ हा पात्राचा आरसा असतो. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’बाबत (प्रकाशन १९४९) मीही बरीच वर्षे हेच धरून चाललो होतो. विद्यापीठाबाहेर वाचायला शिकलेल्या माणसाला असे तयार सूत्र सापडले की हायसे वाटते. तिसऱ्या वाचनात मात्र ते हातून निसटले.

सूत्राला आधार नाही असे नव्हे. ‘व्हिक्टरी मॅन्शन्स’मध्ये लिफ्ट बंद, सात मजले चढताना विन्स्टनला घोट्यावरच्या जुन्या व्रणाचा त्रास होतो. पुढे चॅरिंग्टनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानावरची खोली मिळते. तिथे मोठा पलंग आहे, ज्युलियाने मिळवलेली खरी कॉफी आहे, आणि टेलिस्क्रीन नाही. त्या दिवसांत त्याचे अंग भरते, व्रण बसतो, खोकला थांबतो. इथवर आरसा चोख. पण चर्चच्या चित्रामागे टेलिस्क्रीन होताच. अटकेच्या वेळी चित्र खाली पडते, तेव्हा खोली बदलत नाही. ती पहिल्यापासून काय होती ते फक्त उघड होते. जी गोष्ट खोलीची, तीच ओब्रायनच्या भाकिताची. स्वप्नात त्याच्या आवाजाने सांगितलेले असते, की आपली भेट अंधार नसलेल्या जागी होईल. विन्स्टन त्यातून उजळ भविष्य वाचतो. प्रत्यक्षात ती दिवे कधीच न मालवणारी प्रेम मंत्रालयाची कोठडी निघते. भाकीत शब्दशः खरे ठरते.

शेवटचा ‘चेस्टनट ट्री कॅफे’ही नवा नाही. कबुलीजबाबानंतर सुटलेल्या जोन्स, आरन्सन आणि रदरफर्ड यांना विन्स्टनने तिथेच पाहिलेले असते : लवंगेच्या स्वादाची जिन, समोर बुद्धिबळाचा पट. आता त्याच कॅफेत, तशाच पटासमोर, तीच जिन घेत तो बसलेला आहे. अंगही पुन्हा भरलेले आहे! दुकानावरच्या खोलीत भरले होते तसेच. देहाची साक्ष काढणाऱ्या समीक्षकाने इथे थबकावे. एकच खूण एकदा मोकळेपणाची आणि एकदा शरणागतीची असेल, तर आरशाचे सूत्र दोन्हीकडे कसे लावणार?

मग बदल दिसतो कुठे? माझ्या मते, उन्हात. विन्स्टनच्या स्वप्नातले ‘गोल्डन कंट्री’ म्हणजे सशांनी कुरतडलेले, उन्हात न्हालेले जुने कुरण. छळाच्या काळात मंत्रालयाचा पांढरा बोळ आणि हे कुरण त्याच्या भ्रमात एकमेकांत मिसळू लागतात. सुटकेनंतर मार्चमधल्या बोचऱ्या थंडीत ज्युलिया त्याला एका बागेत भेटते. आभाळ उघडे, ती शेजारी. पण जमीन लोखंडासारखी टणक आणि गवत मेलेले. आणि अखेरच्या पानावर, कॅफेत बसल्या बसल्या, त्याला उन्हात चालल्याचा भास होतो. तो तेव्हा मनाने पांढऱ्या फरशांच्या त्याच बोळातून जात असतो, पाठीमागे सशस्त्र पहारेकरी असतो.