‘भरपाई’ की ‘सहाय्य’? : गुन्हापीडितांविषयीच्या शासकीय परिभाषेची चिकित्सा

गुन्ह्यात किंवा दहशतवादी हल्ल्यात सापडलेल्या नागरिकास राज्यसंस्था द्रव्य देते, ते कोणत्या नात्याने? हा प्रश्न विधिशास्त्राचा मानला जातो. तथापि त्याचे उत्तर कायद्याच्या कलमांत जेवढे आहे तेवढेच योजनांच्या नावांतही आहे, आणि नावांची चिकित्सा हे भाषाभ्यासकाचे काम होय.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली स्वीकारलेल्या घोषणापत्रात दोन संकल्पना वेगळ्या ठेवल्या आहेत. अपराध्याने हिरावलेले परत करणे ही एक. त्याच्याकडून पुरते न मिळाल्यास राज्याने ते भरून देणे ही दुसरी. मराठीत दोहोंना सर्रास ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. पहिलीस ‘प्रत्यर्पण’ म्हणावे, तर तो शब्द परदेशी पळालेल्या आरोपीच्या पाठवणीत आधीच गुंतलेला आहे.

‘भरपाई’ हा शब्द मात्र तोलामोलाचा आहे. भरून पावणे ही क्रिया घेणाऱ्याची असते, देणाऱ्याची नव्हे. जुन्या व्यवहारात भरपाई म्हणजे पूर्ण रक्कम पोचल्याची पावती, असाही अर्थ होता. रक्कम पुरी झाली की नाही, हे ज्याचे गेले त्यानेच सांगावयाचे. या शब्दात ऋण गृहीत आहे. हे गृहीत आपल्याकडे नवे नाही. चोरीस गेलेला माल राजाला परत मिळवता आला नाही, तर त्याने तो आपल्या कोशातून द्यावा, असे कौटिल्य सांगतो; चोरीचे धन प्रजेला देणे हे राजाचे कर्तव्य याज्ञवल्क्यस्मृतीही मानते आणि न देणाऱ्या राजाच्या माथी पाप ठेवते. अर्थात ही तरतूद मालापुरती होती. देहाच्या इजेला ती लागू नव्हती.

आता आधुनिक योजना पाहाव्यात. ब्रिटनने १९६४ साली अशी योजना आणली तेव्हा देय रकमेस हक्काचे नव्हे, तर अनुग्रहाचे स्वरूप दिले होते. त्या संज्ञेचा आपला प्रतिशब्द ‘सानुग्रह अनुदान’. दिवाळीत पालिका कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या रकमेसही हाच शब्द लागतो, हे वाचकांस ठाऊक आहेच! भारतात दहशतवादी व जातीय हिंसेत सापडलेल्या नागरिकांसाठी केंद्राने २००८ साली योजना केली. तिच्या नावात ‘सहाय्य’ आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या मनोधैर्य योजनेची भाषाही ‘अर्थसहाय्य’ आणि ‘पुनर्वसन’ अशीच आहे. उलट फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३५७-अ भरपाईविषयीच बोलत होते, आणि त्यानुसार महाराष्ट्राने २०१४ साली केलेल्या योजनेच्या नावातही भरपाईच आहे. म्हणजे एकच राज्य एका कागदावर ऋणको ठरते आणि दुसऱ्यावर दाता.

पीडितासाठीचे शब्द तर अधिक विचारणीय आहेत. ‘बळी पडणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात मारणारा नाही, रक्षणात चुकणाराही नाही. मनुष्य जणू आपसूक पडतो. पुढे तोच अर्ज करतो तेव्हा योजनांच्या परिभाषेत तो ‘लाभार्थी’ होतो. ज्याचे अपत्य स्फोटात गेले त्यास लाभाचा अर्थी म्हणणे हा निव्वळ रूढीचा निष्काळजीपणा असेल. पण तो क्षम्य नव्हे.

यावर आक्षेप येईल की गुन्हा राज्याने केलेला नसतो, मग ऋण कसले? राज्याचेच हात गुंतले होते तेथे न्यायालयाने संदिग्धता ठेवली नाही. कोठडीतील मृत्यूच्या नीलाबती बेहेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सार्वभौम उन्मुक्तीचा बचाव नाकारून दीड लाख रुपये देण्यास सांगितले. त्रयस्थाच्या गुन्ह्यात दायित्व इतके थेट नाही, हे मान्य. परंतु कलम ३५७-अ मध्येच अशी तरतूद होती की गुन्हेगार सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताने अर्ज करावा. दोषी अज्ञात असताना दिले जाणारे द्रव्य राज्याच्या दोषातून आलेले नसेल, तर ते रक्षणाच्या कराराखेरीज दुसऱ्या कशातून येते?

मात्र त्याच कलमात आणखी एक अट होती, व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्येही ती राहिली आहे : हानी वा इजा झालेल्या आणि ‘पुनर्वसनाची आवश्यकता’ असलेल्या पीडितांसाठी निधी. ऋणाच्या वाक्यात गरजेचे हे विशेषण शिरले की धनकोस आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागते. मराठी अनुवादकांनी ‘भरपाई’ कायम ठेवली तरी या विशेषणाचे काय करावयाचे, हा प्रश्न अनुवादकांच्या नव्हे, कायदेमंडळाच्या कक्षेतला आहे.