शेनिन ब्लां: ताकद द्राक्षात, साखर बाटलीत

आज बोलायचंय एका पांढऱ्या वाइनबद्दल, शेनिन ब्लांबद्दल. चिंचवडला वाइनवर व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटेल. पण नाशिक फाट्यावरून निघालं आणि भोसरी, चाकण, राजगुरुनगर मागे टाकलं, की नारायणगाव येतं. तिथे इंडेज कंपनीने 1980च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ‘ओमर खय्याम’ ही फसफसणारी वाइन बनवली आणि परदेशीही पाठवली. म्हणजे हा विषय आपल्याच रस्त्यावरचा आहे. पुढे या धंद्याचं केंद्र नाशिककडे सरकलं. 2000 साली सुलाच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या, त्यांत शेनिन ब्लां होती. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं.

हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या लवार नदीच्या खोऱ्यातलं. आज त्याची सर्वांत मोठी लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. त्याची खरी ताकद आंबटपणात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. उन्हं चढू लागली की फळात साखर भराभर भरते आणि आम्लता उतरते. बऱ्याच जाती इथे ढेपाळतात, शेनिन तग धरते. लवारकाठच्या साव्हेनिएरची कोरडी शेनिन अंगाने भरदार असते, मद्यार्क 13-14 टक्क्यांच्या घरात, आणि चांगल्या वर्षाची बाटली दहा-वीस वर्षंही टिकते. एवढा दम या द्राक्षात आहे.

आता आमची तक्रार. आपल्याकडची बरीचशी शेनिन थोडी साखर शिल्लक ठेवून, हलकी, लगेच संपवायची म्हणून बनते. नव्याने पिणाऱ्याला ती आवडते, हे मान्य. पण साखर आंबटपणा झाकते, तसा पातळपणाही झाकते. वेलीवर भरमसाट घड ठेवले की रस पातळ होतो, आणि थोडा गोडवा ठेवला की तो पटकन कळत नाही. कोरड्या वाइनला ही पळवाट नाही. तिच्यासाठी घड विरळावे लागतात, म्हणजे एकरी टन घटतात. ती घट वायनरीने भावातून भरून दिली नाही, तर शेतकऱ्याने विरळणी करावी कशाला? चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग पुरवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको: दर फक्त नगावर ठरला, की माल नग मोजूनच येतो. म्हणून ‘आपल्या लोकांना गोडच आवडतं’ हे वाक्य आम्हाला साधं वाटत नाही. त्यात बागेचा हिशेब दडलाय.

आणि आपल्या लोकांना गोडच आवडतं, हे तरी खरं का? कैरी, आवळा, चिंच, आमसूल यांवर वाढलेली जीभ आहे ही!

जेवणाबरोबर लावून पाहू. खेड-जुन्नरकडची मासवडी घ्या. बेसनाच्या आवरणात तीळ, सुकं खोबरं, लसूण. नुसती खाल्ली तर तोंड तेलकट, जड होतं. कोरड्या शेनिनचा एक घोट ते धुऊन काढतो आणि पुढची वडी पुन्हा पहिल्यासारखी लागते. रवा लावून तळलेल्या सुरमईचंही तेच. पण तीच मासवडी झणझणीत रश्श्यात बुडवली, की गणित बदलतं. तिखटावर मद्यार्क आणखी जाळतो, तिथे किंचित गोड शेनिनच बरी. म्हणजे गोडसर शेनिन चुकीची नाही. बाजारात तिचीच चलती असणं, हे आम्हाला खटकतं.

एक सूचना: ही वाइन बर्फासारखी गार पिऊ नका. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा, 10-12 अंशांना तिचा वास खुलतो. आम्हाला त्यात पिकत आलेला पेरू आणि मध सापडतो. तुम्हाला दुसरं काही सापडलं तर ते आपल्या शब्दांत सांगा, लेबलावरचं पीच आणि लिची पाठ करू नका.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात ‘कोरडी शेनिन आहे का?’ असं विचारा. आणि वायनरी बघायला गेलात, तर फोटो काढून झाल्यावर एक प्रश्न जरूर टाका: ‘एकरी किती टन घेता, आणि कमी घेणाऱ्याला भाव काय देता?’ त्या उत्तरावरून बाटलीत काय असेल, ते बरंचसं कळेल.