अलादीनची अम्मी कुठे गेली?

अलादीनची गोष्ट अलेप्पोच्या हन्ना दियाबने १७०९ साली पॅरिसमध्ये आंत्वान गालाँ यांना सांगितली. तीत अलादीन चीनमधला, शिंप्याचा मुलगा. बाप गेल्यावर सूत कातून घर चालवते ती त्याची अम्मी. मुलासाठी रत्ने घेऊन दरबारात ताटकळते तीही तीच. डिस्नेच्या १९९२ च्या चित्रपटात ही अम्मीच नाही. अलादीन एकटा, शहर काल्पनिक अग्राबा. सुरुवातीच्या गाण्यातली कान कापण्याची ओळ अरब-अमेरिकनांच्या आक्षेपानंतर १९९३ मध्ये बदलली. मुलखाला रानटी म्हणणे मात्र तसेच राहिले. जिन्नच्या विनोदांना आम्हीही मनसोक्त हसलो. पण एक ओळ बदलून राबणारी ती बाई पडद्यावर आली नाही. मुलांना चित्रपट जरूर दाखवूया; निजताना अम्मीची गोष्टही सांगूया.