भूतकाळी क्रियापद आणि शब्दयोगी पदबंध : इंग्रजी वाक्यरचनेच्या अध्यापनातील एक उपेक्षित प्रश्न

इंग्रजी भाषेचे मराठीतून अध्यापन करण्याची परंपरा महाराष्ट्रात शतकाहून अधिक जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजीची ओळख करून दिली, हे तिचे ऋण कोणीही अमान्य करणार नाही. परंतु या पद्धतीच्या मुळाशी असलेले एक गृहीत आजवर पुरेसे तपासले गेलेले नाही. ते गृहीत असे की, मराठीतील प्रत्येक विभक्तिप्रत्ययास इंग्रजीत एक ठराविक शब्दयोगी अव्यय प्रतिरूप म्हणून मिळते : ‘ला’ म्हणजे ‘टु’, ‘त’ म्हणजे ‘इन’, ‘ने’ म्हणजे ‘बाय’. भूतकाळी वाक्यांच्या कसोटीवर हे गृहीत टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

वर्धा जिल्ह्यातील देवळी हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. तेथील व्यवहारातील एक साधे वाक्य घ्यावे : ‘शेतकऱ्याने बैलगाडीने कापूस बाजारात नेला.’ या वाक्यात ‘ने’ दोन वेळा आला आहे, पण त्याची कार्ये भिन्न आहेत. पहिला कर्त्याचा, दुसरा साधनाचा. इंग्रजीत हेच वाक्य ‘द फार्मर टुक द कॉटन टु द मार्केट इन अ बुलक-कार्ट’ असे होईल. कर्त्याच्या ‘ने’ला तेथे कोणतेही अव्यय नाही; साधनाच्या ‘ने’ला ‘इन’ आले; आणि ‘बाजारात’ यातील ‘त’ला ‘इन’ न मिळता ‘टु’ मिळाले. प्रत्ययांची कोष्टके पाठ केलेला विद्यार्थी या एकाच वाक्यात तीनदा अडखळेल, आणि तिन्ही वेळा त्याने शिकविलेला नियमच पाळलेला असेल. दोष त्याच्या बुद्धीचा नाही; नियमाचा आहे.

येथे भूतकाळाचा संबंध विशेष ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वर्तमानकाळी ‘शेतकरी कापूस नेतो’ या वाक्यात कर्ता प्रथमेत असतो. भूतकाळात तोच कर्ता तृतीयेत जातो, आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते : कापूस नेला, सरकी नेली, पोते नेले. इंग्रजीतील ‘टुक’ मात्र यांपैकी कशानेही बदलत नाही. मराठीत वाक्यसंबंध प्रत्ययांनी आणि क्रियापदाच्या रूपाने व्यक्त होतात, म्हणून ‘बाजारात कापूस शेतकऱ्याने नेला’ असा क्रम केला तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीत तो भार शब्दक्रमावर आणि क्रियापदानंतर येणाऱ्या अव्यययुक्त पदबंधावर पडतो. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ च्या ग्रंथात प्रयोगांची चिकित्सा विस्ताराने आली आहे. पण इंग्रजीच्या वर्गात तिचा उपयोग क्वचितच होतो. उलट, इंग्रजीतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’ला ‘कर्मणि प्रयोग’ हेच नाव देऊन शालेय अध्यापनाने गोंधळ वाढविला आहे. ‘शेतकऱ्याने कापूस नेला’ हा मराठी कर्मणि प्रयोग इंग्रजीत साध्या कर्तरी वाक्यानेच व्यक्त होतो. नाव एक, वस्तू दोन, अशी ही स्थिती आहे.

देवळीच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक पायरी आहे. या भागातील बोलीत ‘देवळीले गेला’, ‘त्याले देला’ असे ‘ले’चे रूप प्रचारात आहे. शाळा प्रथम ‘ले’चा ‘ला’ करून घेते आणि मग ‘ला’चा ‘टु’. ‘ले’ काय आणि ‘ला’ काय, गंतव्यस्थान आणि दानपात्र ही दोन्ही नाती त्यात सामावतात; त्यामुळे बोलीला अशुद्ध ठरवून इंग्रजी सुधारत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेत आले. त्यामुळे हा दुहेरी अनुवाद आता अगदी कोवळ्या वयातच मुलाच्या वाट्याला येतो. ज्या वर्धेत १९३७ च्या शिक्षण परिषदेने मातृभाषेच्या माध्यमाचा पुरस्कार केला, त्या जिल्ह्यात तरी मुलाची बोली हे अडथळ्याऐवजी साधन मानले जावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

यावर उपाय म्हणून वाक्याचे साचे शिकविण्याची पद्धत पुढे आली. ए. एस. हॉर्नबी यांचा १९५४ चा ग्रंथ या पद्धतीचा आधार मानला जातो. अव्यय नामाचे नसून क्रियापदाच्या साच्याचे अंग आहे, ही त्यांची दृष्टी मोलाची आहे. ‘घरात शिरला’ याचे ‘एंटर्ड द हाउस’ आणि ‘देवळीला पोचला’ याचे ‘रीच्ड देवळी’ असे अव्ययाविना भाषांतर का होते, याचा उलगडा प्रत्ययकोष्टकाने कधीच होणार नाही, साच्याने होतो. तथापि या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. इंग्रजी साच्यात काळभेदाने फरक पडत नाही, म्हणून भूतकाळाचा स्वतंत्र विचार तेथे नाही. मराठी विद्यार्थ्याची वाक्यरचना मात्र नेमकी भूतकाळातच पालटते.

ही उणीव भरून काढण्याचे साधन आपल्याच व्याकरणपरंपरेत आहे. पाणिनीय विचारात कारक आणि विभक्ती या भिन्न गोष्टी आहेत. तृतीया एक असली तरी तिच्यामागे कर्ता असेल किंवा करण असेल. मराठी व्याकरणग्रंथांतही विभक्तीचे कारकार्थ वेगळे सांगण्याची रीत रूढ आहे. अध्यापकाने प्रत्ययावरून अव्यय शोधण्याऐवजी, या नामाचे क्रियेशी नाते कोणते, हा प्रश्न आधी विचारावा आणि मग त्या क्रियापदाचा इंग्रजी साचा द्यावा.

या तुलनेत मराठी उणी ठरते असे मात्र नव्हे. ‘द मर्चंट बॉट द कॉटन फ्रॉम देवळी’ या वाक्यात खरेदी देवळीहून झाली की कापूस देवळीचा होता, हे इंग्रजी संदिग्धच ठेवते. मराठी वक्त्याला ‘देवळीहून कापूस घेतला’ आणि ‘देवळीचा कापूस घेतला’ यांतून निवड करावीच लागते. ही निवड तो बालपणापासून अचूक करीत आलेला असतो. त्या अजाण व्याकरणज्ञानाला जाणिवेच्या पातळीवर आणणे हेच इंग्रजीच्या अध्यापनाचे पहिले पाऊल ठरले पाहिजे.