पडद्यावरचा रंग आणि त्वचेतला रंग

मुरुड म्हटले की बहुतेकांना समुद्र आणि जंजिरा आठवतो. आम्ही म्हणतो ते मुरुड समुद्रापासून फार दूर, लातूर-बार्शी रस्त्यावरचे. तेथील एका शाळेत विज्ञान शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एक बाई म्हणाल्या, "आमच्या नववीतल्या काही मुली मधल्या सुट्टीत पटांगणात येतच नाहीत. उन्हाने काळ्या पडू म्हणतात. एकीच्या दप्तरात तर मलमाची ट्यूबच असते." दुसऱ्या एका गुरुजींनी भर घातली, "संमेलनात राक्षस कोण होणार हे मुले आपसांतच ठरवतात. आणि ते ठरायला क्षणभरही लागत नाही." बाईंचा प्रश्न साधा होता : हे यांना शिकवले कोणी?

याचे उत्तर एकच नाही. लग्न जमवताना गोरेपणाला भाव होता तो टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून. 'वर्ण' या शब्दाचे रंग आणि समाजातील पायरी असे दोन्ही अर्थ आपल्या भाषेत आहेतच. मग टीव्हीने नवे काय केले? आमच्या मते, त्याने या जुन्या समजुतीला एक शरीरशास्त्र जोडून दिले आणि तेच शरीरशास्त्र चुकीचे आहे.

प्रथम जाहिरातींकडे पाहू. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले. त्याची एक जाहिरात अनेकांना आठवत असेल. मुलगा नाही म्हणून हळहळणारे वडील, सावळी मुलगी, मग मलम, मग गोरा चेहरा आणि विमान कंपनीतील नोकरी. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये ही जाहिरात बंद झाली. २०१४ मध्ये जाहिरातदारांच्या स्वयंनियमन संस्थेने नियम केले, की गडद रंगाच्या व्यक्तीला दुःखी, अपयशी किंवा कमी दर्जाची दाखवू नये. २०२० मध्ये मलमाचे नावही बदलले, 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. शब्द बदलले, पण एका चेहऱ्यावरून गडद छटा उतरत जाते आणि खालून उजळ चेहरा निघतो, हे चित्र मात्र मनात पक्के बसलेले आहे.

आता याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण घेऊ. स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ ते २०२३ या काळात 'रंग माझा वेगळा' ही मालिका चालली. मूळ कथा 'करुत्तमुत्तु' या मल्याळम मालिकेची. तेलुगू, तमिळ, कन्नड आणि हिंदीतही तिच्या आवृत्त्या निघाल्या. सावळी दीपा आणि काळ्या रंगाचा तिटकारा असलेली सासू, असा हा संघर्ष. या मालिकेचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. घराघरांत जे कुजबुजून बोलले जाते ते तिने रोज रात्री उघड बोलून दाखवले. जेवणाच्या ताटावर या विषयाची चर्चा झाली, तीही बरीचशी तिच्यामुळे.

पण दीपाची भूमिका करणाऱ्या रेश्मा शिंदे मुळात उजळ वर्णाच्या. त्यांना रंगभूषेने सावळे केले होते. येथे कोणी म्हणेल, नट म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी केस पांढरे करतोच की! आक्षेप रास्त आहे. दोष अभिनेत्रीचाही नाही, तिने आपले काम मनापासून केले. परंतु पांढऱ्या केसांमुळे कोणाला टीव्हीचे दार बंद झालेले नाही. सावळ्या मुलीच्या कथेतही सावळ्या मुलीला जागा नसेल, तर मग ती कोणत्या कथेत मिळणार? आणि असे चेहरे पडद्याला चालत नाहीत म्हणावे, तर तेही खरे नाही. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील सावळ्याच होत्या. त्यांच्या रंगामुळे बातमीत काही कमी पडले नाही.

जाहिरात सावळेपणाला हिणवते आणि मालिका त्याची बाजू घेते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दोघींचे शरीरशास्त्र एकच आहे. खरा माणूस गोरा आणि त्यावर काळा थर! जाहिरात तो थर उतरवून दाखवते, मालिका तो चढवून दाखवते. दोन्ही पाहणाऱ्या मुलीच्या मनात ठसते ते एकच, की माझ्याही खाली कोठेतरी एक गोरी मुलगी आहे.

विज्ञान काय सांगते? खाली तसे कोणीही नाही. आपल्या बाह्यत्वचेच्या सर्वांत आतल्या पातळीवर मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या काळ्या आणि गोऱ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात आणि प्रकारात, तसेच ते ज्या सूक्ष्म कणांत भरलेले असते त्यांच्या आकारात व वाटपात. हे कण शेजारच्या पेशींना दिले जातात, त्या पेशी वर सरकत जातात, शेवटी झडतात आणि खालून नव्या येत राहतात. म्हणजे रंग हा त्वचेवरचा थर नसून त्वचेचे चालू असलेले काम आहे. हे काम उपयोगाचेही आहे. मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेते. मानवशास्त्रज्ञ नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली दाखवून दिले, की जगातील मूळ रहिवाशांच्या त्वचेचा रंग त्या त्या भागातील अतिनील किरणांच्या प्रमाणाशी चांगला जुळतो. मुरुडच्या उन्हात शेतात राबणाऱ्याच्या त्वचेने जे केले आहे, ते संरक्षण आहे.

आता त्या दप्तरातल्या ट्यूबकडे वळू. मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे विकर लागते आणि त्या विकराला तांबे लागते. पारा तेथे तांब्याची जागा घेतो आणि काम बंद पाडतो. म्हणूनच काही मलमांत पारा घालतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये गोरेपणाची ३२ मलमे पाऱ्यासाठी तपासली, त्यांपैकी १४ मध्ये तो सापडला. हा पारा त्वचेतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात जातो. केरळमधील कोट्टक्कल येथे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरत होते. दुसरा धोका स्टिरॉइडयुक्त मलमांचा. त्यांनी त्वचा पातळ होते, पुरळ येते आणि वापर थांबवला की चेहरा लालबुंद होतो. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तेव्हा त्या मुलीची ट्यूब रागावून फेकून देऊ नका. तिच्यावर काय छापले आहे ते तिच्याबरोबर वाचा. काहीच छापलेले नसेल, तर ती वापरणे त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ही समजूत चेहऱ्यापुरती राहत नाही, ती माणसांपर्यंत पोचते. मे २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. आपल्या वाहिन्यांनी वंशद्वेषावर चर्चा केल्या, पण बऱ्याचशा अशा सुरात, की हा रोग दूरदेशीचा. मात्र मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर अफवा उठल्या आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारले, तो देश आपलाच होता. आपल्या बातम्यांत आफ्रिकी माणूस बहुधा दिसतो तो अमली पदार्थांच्या गुन्ह्यात पकडलेला. जो एरवी कधी दिसतच नाही, तो असाच दिसला की मुलांनी दुसरे काय समजावे? आपल्याच मराठवाड्यात खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मनुष्य होता, हे इतिहासाच्या तासाला सांगितले जाते. विज्ञानाच्या तासाला त्याला जोडून एवढेच सांगावे : रिचर्ड ल्युवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये हिशोब मांडला, की माणसामाणसांतील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका जनसमूहाच्या आतच आढळतो. कातडीवरून माणसाची बुद्धी, शील किंवा प्रामाणिकपणा वाचता येत नाही.

मग वर्गात करायचे काय? आम्हाला येथे इरावती कर्वे आठवतात. १९२७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा कयास असा, की युरोपीय माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत अधिक फरक असतो आणि ती त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा फरक आढळला नाही, आणि त्यांनी आपल्या प्रबंधात तसेच लिहिले. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध!

आपल्यालाही मोजताच येईल. विद्यार्थ्यांनी एक आठवडा रोज अर्धा तास टीव्ही पाहावा आणि वहीत रकाने आखावेत : नायिका, खलपात्र, मोलकरीण, डॉक्टर, वृत्तनिवेदक, गुन्हेगार. प्रत्येक चेहरा आपल्या गावच्या बाजारात दिसणाऱ्या चेहऱ्यांच्या मानाने उजळ, मध्यम की गडद, एवढेच नोंदवावे. एकच कार्यक्रम दोघांनी स्वतंत्रपणे पाहावा आणि नोंदी ताडून घ्याव्यात. जेथे मतभेद होईल तेथे दिवे आणि रंगभूषा यांची चर्चा आपोआप निघेल. पथ्य एकच : मोजायचे ते पडद्यावरचे चेहरे, वर्गातले नव्हेत. कोणत्याही मुलाला उदाहरण म्हणून उभे करू नये.

कोष्टक भरून झाले की शेवटचा प्रश्न विचारावा : बाजारात इतके दिसणारे चेहरे या रकान्यांत का नाहीत? उत्तर मुलांना शोधू द्यावे. आणि पुढच्या संमेलनात राक्षसाचे काम चिठ्ठी टाकून द्यावे. त्याला खर्च काहीच येत नाही.