छायाचित्राची साक्ष

छायाचित्र कधीं खोटें बोलत नाहीं, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. तिचें परीक्षण करण्यास आम्हां वडाळेकरांस फार दूर जावयास नको. शेजारच्या दादरास ज्यांनीं आपला चित्रपटाचा कारखाना थाटला, त्या दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाणा पेरून रोज त्याचें चित्र घेतलें, आणि महिन्याहून अधिक दिवसांची वाढ मिनिटाभरांत दाखविली. वाटाणा खरा होता. पण इतका झरझर चढणारा वेल सृष्टींत नाहीं. तरीही त्यास असत्य म्हणवत नाहीं, कारण चित्रणाची करामत म्हणूनच त्यांनीं तो परिचितांपुढें ठेविला.

याउलट, लॉख नेस सरोवरांतील अद्भुत प्राण्याचें म्हणून एक छायाचित्र १९३४ सालीं लंडनच्या ‘डेली मेल’नें छापिलें. खेळण्यांतल्या पाणबुडीवर हातानें घडविलेली मान बसवून तें घेतलें होतें, हें जगास १९९४ सालीं कळलें. कॅमेऱ्यानें समोर होतें तेंच टिपलें. खोटा होता तो चित्राबरोबरचा मजकूर.

म्हणून प्रतिकृतीचें छायाचित्र मुळांतच लबाड, हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. दिवाळींत मुलांनीं केलेल्या मातीच्या किल्ल्याचें चित्र कॅमेरा जमिनीसरसा ठेवून घ्यावें, आणि शेजारची पणती चौकटीबाहेर राहूं द्यावी. वीतभर बुरूज डोंगराएवढा भासेल. त्याखालीं ‘मुलांचा किल्ला’ लिहिणारा कलावंत. खरा रायगड म्हणून छापणारा लबाड. हल्लीं तर कॅमेऱ्यावांचूनच यंत्रें छायाचित्रासारखीं चित्रें रचूं लागलीं आहेत. अशा वेळीं चित्र हुबेहूब आहे कीं नाहीं, यापेक्षां तें कशाचें म्हणून आपल्या हातीं दिलें आहे, हें रसिकांनीं आधीं विचारावें, अशी आमची सूचना आहे.